आवडतं काय ते नको, अडलं कुठे ते सांगा

'नमस्कार सर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. मला लहानपणापासून भाषेची आवड आहे. मी कष्टाळू व प्रामाणिक असून मला संशोधनात अत्यंत रस आहे. मी सीमाभागातील ग्रामीण कुटुंबातून येते. आपण संधी दिल्यास मी तिचे सोने करीन.'

या पत्रात खोटं काहीच नाही, चूकही नाही. तरीही ते वाचून संशोधन संस्थेतल्या माणसाला या मुलीबद्दल काहीही कळत नाही. नाव पुसून दुसरं घातलं तरी पत्र तसंच्या तसं चालतं. 'भाषा'च्या जागी 'रसायनशास्त्र' घाला, तरी चालतं. हल्ली यंत्राकडून इंग्रजीत लिहून घेतलेली पत्रं जातात. तिथे 'कष्टाळू'ऐवजी भारदस्त विशेषणं असतात, पण आत हेच असतं.

पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःची ओळख करून द्यावी लागते असे प्रसंग आता वाढले आहेत. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्ली आणि प्रयागराजच्या अकादम्यांबरोबर, दरवर्षी उन्हाळ्यात पदवीच्या मुलांना दोन महिने प्रयोगशाळेत काम करायला पाठवते. जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्राची अशीच योजना आहे. आयआयटी धारवाड बेळगावपासून दोन तासांच्या आत आहे. आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था तर बेळगाव शहरातच आहे. भाषेच्या मुलांना पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. प्रत्येक ठिकाणी अर्जात एक रिकामा चौकोन असतो: तुम्हाला कशावर काम करायचं आहे आणि का? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यातल्या मराठी मुलांचे अर्ज मागे पडतात ते बहुतेक या चौकोनात. गुण कमी पडतात म्हणून नव्हे.

याचं एक कारण इथल्या मातीतच आहे. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत ८६५ गावांच्या सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. तिथे गावाचा दाखला आणि मातृभाषेचं प्रमाणपत्र हीच ओळख असते आणि ती रास्त आहे. पण प्रवेशाच्या खिडकीवर चालणारी ओळख संशोधनाच्या दारात चालत नाही. तिथे समोरच्याला 'कुठली' यापेक्षा 'काय विचारतेस' हे हवं असतं. सीमाभागातून येते हे वाक्य लाजेचं नाही, पण त्यातून प्रश्न निघत नसेल तर ते तिथे रिकामं बसतं. प्रश्न निघत असेल तर मात्र तेच वाक्य अख्ख्या अर्जाचा कणा होतं. ते कसं, हे पुढे येईलच.

दुसरं कारण ताजं आहे. कर्नाटकाने २०२१-२२ पासून चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून नव्या प्रवेशांसाठी पुन्हा तीन वर्षांवर आणली. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. चंदगड-गडहिंग्लजचा, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतला मुलगा त्या वाटेने जाऊ शकतो. तासाभराच्या अंतरावरचा बेळगावचा मुलगा तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. तीन वर्षं चांगली की चार, हा वाद इथे नको. गरिबाच्या घरी एक वर्ष म्हणजे एका वर्षाचा पगार असतो आणि तो मुद्दा हलका नाही. पण याचा अर्थ एवढा नक्की, की इथल्या मुलाला संशोधनाची गोडी आहे हे दाखवणारा प्रबंध त्याच्या गुणपत्रिकेत नसणार. ते त्याला अर्ध्या पानाच्या परिचयातून दाखवावं लागणार. म्हणून माझं म्हणणं असं आहे: हा अर्धा कागद लिहायला शिकवणं ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे, ती पहिल्या वर्षापासून घेतली पाहिजे आणि त्याचा पहिला खर्डा मुलाच्या भाषेत झाला पाहिजे.

शिकवायचं काय? मराठीत आपण 'रस आहे', 'आवड आहे' म्हणतो. आवड ही वस्तूची असते: पक्षी आवडतात, इतिहास आवडतो. पण संशोधनासाठी आवडतं त्यात कुठेतरी अडावं लागतं. दोन गोष्टी जुळत नाहीत, एक नियम इथे लागतो आणि तिथे लागत नाही, पुस्तकात एक आणि शिवारात दुसरंच दिसतं. परिचयात सांगायचं ते हे अडणं.

वरच्याच मुलीचं उदाहरण घेऊ. तिला 'भाषेची आवड' आहे. बेळगावकडच्या मराठीत बाया 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याचा पाहुणा हसतो, शाळेतल्या बाई 'येते म्हण' म्हणून दटावतात. इथपर्यंत आवडच आहे. अडायला सुरुवात पुढे होते. कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. पुरुष असो की बाई, 'बर्तीनी'च. मग हे कन्नडचं वळण म्हणायचं का? पण 'मी येतो' म्हणणाऱ्या बाया कोल्हापूरकडच्या खेड्यांतही भेटतात, जिथे घरात कन्नड नाही. आणि खानापूरच्या अंगाला कोकणी आहे, तिच्यातही 'हांव येतां'ला लिंग नाही. म्हणजे तीन शक्यता झाल्या: कन्नडचा प्रभाव, कोकणीचा शेजार किंवा दक्षिणेकडच्या मराठीतलीच जुनी लकब. आणि चौथी गोष्ट, हे आता बदलतं आहे का? कॉलेजातल्या मुली काय म्हणतात, आणि कुणासमोर?

या प्रश्नाला मोठा वारसा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभरच्या भाषाविज्ञान विभागांत 'कुपवार' या नावाने शिकवला जातो. मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्याने त्यांचं व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत करता येतं, शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहतात, असा त्याचा सारांश. आपल्या उंबऱ्यावरचा विषय परदेशातल्या वर्गात पोचला आहे आणि बेळगावच्या मराठी विभागातली मुलगी 'मला भाषेची आवड आहे' लिहिते. यात दोष मुलीचा नाही. तिच्या बोलीला कुणी पुरावा मानलं नाही, चूक मानलं.

आता हे करायचं कसं हेही परिचयात एका वाक्यात यायला हवं, आणि ते एक वाक्य लिहिण्यासाठी थोडं करून पाहावं लागतं. पहिली चूक ठरलेली: आजीला समोर बसवून 'तू येतो म्हणतेस की येते?' असं विचारणं. आजी सावध होते, 'येते' म्हणते आणि नात निष्कर्ष काढते की बोली संपली. थेट विचारलं की माणूस आपण कसं बोलावं ते सांगतो, कसं बोलतो ते नाही. म्हणून दोन-तीन जणींना आपापसांत बोलू द्यायचं. विषय द्यायचा तोही येण्याजाण्याचा, जत्रेला कोण कसं जातं असा, म्हणजे हवी ती क्रियापदं आपोआप पडतात. चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण करायचं आणि पहिली दहा मिनिटं मोजायचीच नाहीत, कारण तेवढा वेळ सगळ्यांचं लक्ष फोनवर असतं. मग फक्त बाईच्या तोंडची 'मी' असलेली वर्तमानकाळी क्रियापदं एका तक्त्यात उतरवायची: वय, शाळा कुठपर्यंत, घरात कोणती भाषा, समोर कोण होतं, 'तो' की 'ते'. 'मी' उच्चारलेला नसला तरी अर्थाने असेल तर धरायचा आणि तसा नियम तक्त्यावरच लिहून ठेवायचा. नाहीतर महिन्याभराने आपणच वेगळं मोजतो.

फोनचं साधं मुद्रण या कामाला पुरतं. स्वरांची लांबी मोजायची असेल तर मात्र वेव्ह प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटवर घ्यावं लागतं, आणि तेही व्हॉट्सॲपवरून पाठवायचं नाही. तिथे आवाज दाबला जातो. एका तासाचं बोलणं नीट उतरवायला पाच-सहा तास सहज जातात हे आधी माहीत असलं तर कुणी 'पन्नास बायांच्या मुलाखती घेणार' असं लिहीत नाही. आणि परवानगी. बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सांगायचं की हे कशासाठी, कोण ऐकणार, आणि नको वाटलं तर पुसून टाकू. इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेणं म्हणजे परवानगी नव्हे.

एवढं झालं की परिचय आपोआप असा होतो:

'मी बेळगाव तालुक्यातल्या महाविद्यालयात बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे आजीच्या पिढीतल्या बाया "मी येतो" म्हणतात; माझ्या वर्गातल्या मुली शिक्षकांसमोर "येते" आणि घरी कधी "येतो", कधी "येते" म्हणतात. कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, पण हीच लकब कन्नड नसलेल्या कोल्हापूरकडच्या घरांतही आढळते, म्हणून कन्नडचा प्रभाव हे उत्तर मला अपुरं वाटतं. मी तीन घरांतलं एकूण दोन तासांचं बोलणं मुद्रित करून उतरवलं आहे. तक्ता सोबत आहे. तो फार छोटा आहे आणि तिन्ही घरं एकाच गल्लीतली आहेत. कन्नड मी बोलते आणि वाचते. नमुना कसा निवडावा हे मला शिकायचं आहे.'

शंभराच्या आत शब्द. यात 'संशोधन' हा शब्द नाही, 'आवड' नाही, 'सोने' नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की या मुलीला काय दिसलं, कुठे अडलं, काय करून पाहिलं, कशात कच्ची आहे आणि तिला काय हवं आहे. 'तिन्ही घरं एकाच गल्लीतली आहेत' हे वाक्य सर्वांत मोलाचं. आपल्या कामाचा उणेपणा ज्याला स्वतःहून दिसतो त्याला शिकवता येतं, हे प्रत्येक मार्गदर्शकाला ठाऊक असतं. आपल्याकडे नेमकं हेच वाक्य शिक्षक खोडतात: 'कमीपणा कशाला सांगायचा?'

विज्ञानाच्या मुलाचं थोडं वेगळं. त्याचा घोटाळा आवडीत नसतो, आकारात असतो. 'मला पर्यावरण आणि जलप्रदूषणात रस आहे' हे वाक्य घ्या. बळ्ळारी नाला बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन वडगाव-शहापूरच्या भातशिवारातून जातो आणि पावसाळ्यात शेतात शिरतो, हे त्या मुलाला बातमीतून नव्हे, घरच्या बांधावरून माहीत असतं. पण अर्जात तो 'जागतिक जलसंकट' लिहितो. त्याला एवढंच विचारायचं: तू मोजणार काय? समजा, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धत असतेच. ३०० मि.लि.ची बाटली नाल्यात बुडवून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट २ मि.लि., अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मि.लि., झाकण, उलटसुलट. तपकिरी गाळ बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मि.लि. त्यातलं २०० मि.लि. घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) केलं की जितके मि.लि. लागले तितके लिटरला मिलिग्रॅम. हिशोब सोपा, बिघडतं ते नाल्यावर. मुलं पाणी बाटलीत भरून बसने कॉलेजात आणतात आणि तिथे रसायनं घालतात. तोवर पाण्यातल्या जिवाणूंनी प्राणवायू खाऊन टाकलेला असतो. पहिली दोन रसायनं काठावरच घालायला हवीत. दुसरी गंमत अशी, की गाळ पांढराच राहिला तर मुलं रसायन खराब म्हणून बाटली ओतून देतात. पांढरा गाळ म्हणजे पाण्यात प्राणवायूच नाही. सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण मोरीत जातं.

मग किती बाटल्या? तीन जागा (शहरातून बाहेर पडताना, शिवाराच्या मध्यावर, शिवार संपताना), दिवसात तीन वेळा, आठवड्यातून एकदा, चार आठवडे: ३६ नमुने. प्रत्येकाच्या दोन बाटल्या म्हणजे ७२ अनुमापनं. पंधरा मिनिटांना एक धरलं तर १८ तास. तीन वेळांतली एक सूर्योदयाआधीची हवी, कारण रात्रभर शेवाळं प्राणवायू वापरतं आणि देत नाही. फक्त दुपारी मोजलं तर नाला आहे त्यापेक्षा बरा दिसतो. पाऊस चालू असताना घेतलेले आकडे वेगळे ठेवायचे. हे ७२ अनुमापनांचं गणित ज्याने परिचयात एका ओळीत मांडलं, त्याला संस्थेतला माणूस उत्तर देईल. कारण याने वेळेचा अंदाज घेतला आहे, हे त्याला कळेल.

बाकीच्या विषयांचं झटपट सांगतो. खानापूर तालुक्यातल्या बहुतेक प्राणिशास्त्राच्या मुलांना बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ हवं असतं. मोह समजू शकतो. बराच काळ जगात ते सापडण्याची तेवढीच जागा माहीत होती, पुढे मेघालयात आणि कंबोडियात आढळलं. पण ती गुहा भीमगड अभयारण्यात येते, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे काम करता येत नाही आणि पदवीच्या मुलाला ती सहसा मिळत नाही. गावातल्या देवळाच्या गाभाऱ्यातली वटवाघळं संध्याकाळी किती वाजता बाहेर पडतात हे महिनाभर टिपणारा मुलगा जास्त पुढे गेलेला असतो. म्हादई नदीच्या पाणीतंट्याचंही तेच. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला मिळालेले १३.४२ टीएमसी सगळ्यांना पाठ असतात, पण पदवीचा विद्यार्थी तिथे नवीन काय मोजणार? कणकुंबीच्या एका ओढ्याला एप्रिलमध्ये पाणी किती दिवस टिकतं, हे मात्र तो मोजू शकतो.

राज्यशास्त्राच्या मुलाला सीमाप्रश्नच घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. पण 'आमच्यावर अन्याय झाला' हा प्रश्न नव्हे. खरा असला तरी नव्हे. १९५६ ची पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा एवढी तारखांची ओळ झाली की पुढचं अडणं शोधायचं. आंध्र-मद्रासच्या सीमेसाठी पाटसकर सूत्रात गाव हा घटक धरला होता, महाराष्ट्र तोच मागतो. मग घटक गाव धरला तर आणि तालुका धरला तर एका ठरावीक टापूत जनगणनेची तीच आकडेवारी काय वेगळं सांगते? ही मांडणी धारवाडचा कन्नड प्राध्यापकही वाचेल आणि त्यावर वाद घालेल. वाद घालणारा मार्गदर्शक मिळणं याहून भाग्य काय?

इतिहासाच्या मुलांकडे तर असं भांडवल आहे की त्याची त्यांनाच खबर नाही. शहापूर सांगली संस्थानात, लगतचं बेळगाव मुंबई इलाख्यात, आसपास कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग. कागद मोडीत, इंग्रजीत आणि पुढे कन्नडात. परिचयात 'भाषा: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी' असं लिहितात ते व्यर्थ. येतं किती ते लिहावं. 'कन्नड छापील सहज वाचतो. जमिनीचा पहाणी उतारा लावता येतो. मोडी सराव चालू, खरेदीखत वाचता येतं, खासगी पत्र अडखळत' हे लिहिणारा मुलगा पुण्या-मुंबईत शोधून सापडत नाही. मराठी अस्मितेपायी कन्नड येतं हे लपवणारी मुलंही आहेत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की कर्नाटकातल्या जमिनीच्या कागदावर काम करणाऱ्याला कन्नड न येणं हे बाणेदारपणाचं नव्हे, अडाणीपणाचं लक्षण आहे.

आता भाषेचाच मुद्दा. पत्र बहुधा इंग्रजीत जाणार हे खरं. मराठी माध्यमातला मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतो आणि एका उन्हाळ्यात त्याचं सगळं शास्त्र इंग्रजीत जातं; शब्द पाठ होतात, पण शंका विचारायची भाषा राहत नाही. त्याला सरळ इंग्रजीत परिचय लिहायला सांगितलं की तो विचार करत नाही, वाक्यं गोळा करतो. म्हणून पहिला खर्डा मराठीत, बोलतो तशा मराठीत. कचेरीतलं मराठी नको; 'सदर विषयाच्या अनुषंगाने' लिहिलं की तोही परभाषेत गेलाच. मराठीत प्रश्न उभा राहिला की मग साध्या इंग्रजीत दहा ओळी. व्याकरण शिक्षकाने सुधारावं. प्रश्न सुधारू नये.

पत्राच्या यांत्रिक बाजूत बरंच वाया जातं. एकाच मेलमध्ये चाळीस प्राध्यापकांचे पत्ते, तेही सगळ्यांना दिसतील असे. संबोधनात 'सर/मॅडम', म्हणजे आपण कुणाला लिहितो ते पाहिलेलं नाही. दोन ठिकाणांहून चिकटवल्याने पत्रात दोन आकारांची अक्षरं. आठ-दहा मेगाबाइटची प्रमाणपत्रं, त्यात रांगोळी स्पर्धेचंही. विषयाच्या ओळीत नुसतं 'रिक्वेस्ट'. याऐवजी एकाला एक पत्र, त्याचा एक लेख खरोखर वाचून आणि त्यातलं एक न समजलेलं विचारून. विषयाच्या ओळीत प्रश्न आणि तारखा. कधीपासून कधीपर्यंत मोकळे आहात आणि राहायची सोय लागेल का, हे स्पष्ट. सोबत एकच पान आणि असेल तर तक्ता. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण, त्यानंतर नाही. शिफारसपत्र हवं असेल तर सरांना तीन आठवडे आधी, आपला अर्धा कागद हातात देऊन. आदल्या रात्री नऊ वाजता फोन केला की सर 'ही विद्यार्थिनी हुशार व मनमिळाऊ आहे' एवढंच लिहू शकतात, आणि त्यांचं चुकत नाही.

महाविद्यालयांनी काय करावं? नवा पेपर काढू नये. पेपर काढला की मार्गदर्शक पुस्तिका निघते आणि पुस्तिका निघाली की सगळ्यांचं अडणं एकसारखं होतं. शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पांचं काय झालं ते दिसतंच आहे: विषयांची यादी विभागातून, मजकूर मागच्या वर्षीचा, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्यापेक्षा प्रत्येक सत्रात एकदा, हाताने लिहिलेला अर्धा कागद. काय दिसलं, कुठे अडलं, काय करून पाहिलं, काय माहीत नाही. गुण नाहीत. शिक्षकाने समासात एकच प्रश्न लिहून परत द्यायचा, शेरा नाही. साठ मुलांच्या वर्गाला कागदामागे पाच मिनिटं धरली तर पाच तास, वर्षातून दोनदा. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या विभागप्रमुखांनी मूल्यांकन समितीसाठी फायली सजवण्यात किती तास जातात ते मोजून पाहावं.

'पदवीच्या पोरांना कसलं आलंय संशोधन' हा आक्षेप येणार. त्यातलं अर्धं मान्य आहे. पोरं संशोधक होणार नाहीत, बहुतेक जण उद्यमबागेतल्या कारखान्यात, बँकेत किंवा शाळेत नोकरी धरतील. पण अडलं कुठे ते नेमकं सांगता येणं फाउंड्रीत ओतकामात छिद्रं का पडतात ते शोधणाऱ्यालाही लागतं. दुसरा आक्षेप कन्नड विभागाकडून येईल, मराठीत खर्डा कशाला? त्यांनी कन्नडात घ्यावा. दोन्ही विभागांनी कागद एकमेकांना वाचायला दिले तर 'येतो' आणि 'बर्तीनी'चा गुंता एकट्या मराठी विभागापेक्षा लवकर सुटेल.

पहिला कागद ऑगस्टमध्ये घ्यावा. प्रवेश आटोपलेले असतात, परीक्षा लांब असते. नाला भरून वाहत असतो आणि भांगलणीला बसलेल्या बाया दिवसभर बोलत असतात.